मनातली अट

वैजयंता पोवारांचा वाटणीचा दावा मिटायला आला आणि घरात सगळ्यांना आनंद झाला. एकट्या वैजयंताबाईंनाच तेवढा झाला नाही. पडवीत बसून त्या लसूण सोलत होत्या, आणि त्या लसणानंच आपल्यावर दावा ठोकलाय अशा रागानं पाकळ्या ताटात आपटत होत्या.

"आई, मेसेज वाचलात का?" सून ईश्वरी आतून फोन नाचवत आली. "तुमचा दावा पेटीत घेतला. दिवाळीच्या आत निकाल!"

"वाचला. चष्मा लावून वाचला."

"मग?"

"मग काय? नाचू आता ह्या गुडघ्यावर?"

ईश्वरी हसली आणि फोन त्यांच्याशेजारी ठेवून कामाला लागली. सासूबाईंचं हे नेहमीचंच, असं तिला वाटलं. सगळा जन्म अंगणवाडीत गेलेली बाई. निम्मं गाव त्यांच्या हातची खिचडी खाऊन मोठं झालेलं आणि त्यांच्या नजरेला अजून टरकणारं. अशा बाईच्या मनात काय चाललंय, ते विचारायची छाती कुणाची होणार?

खरं सांगायचं तर बाईंना धास्ती बसली होती. दावा मिटला, की दादा दिसायचा बंद होणार होता.

दादा म्हणजे परशराम नाईक. वैजयंताबाईंचा सख्खा थोरला भाऊ, आणि दाव्यातला प्रतिवादी. हारूर हे त्यांचं माहेर, घाटमाथ्यावरचं काजूफणसाचं गाव. वडील वारल्यावर बहिणीनं हक्कसोडीच्या कागदावर सही करायची, जमीन भावाच्या नावावर होऊ द्यायची आणि दर दिवाळीला माहेरची साडी नेसायची, असा आपल्याकडचा रिवाज. अशा सह्या किती जणींनी केल्या त्याला गणती नाही. वैजयंताबाईही करणारच होत्या. पण दिवसकार्य आटोपल्यावर जेवणाच्या पंगतीत दादा कुणाला तरी बोलून गेला, "सही काय, करंलच ती. तिला इचारायचं काय त्यात?" झालं! बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "इचारायचं न्हाई व्हय? मग न्हाई करत जा," म्हणून त्या ताटावरून उठल्या. दादा म्हणाला, "जमीन पायजे तर कोर्टात ये." त्या म्हणाल्या, "येते." आणि खरंच गेल्या. दोघंही एकाच आईच्या पोटचे, माघार घेणार कोण?

माहेरचं बोलावणं थांबलं ते तेव्हापासून.

बाईमाणसाला सरकारी मदतीतून वकील फुकट मिळतो. वैजयंताबाईंना मिळाल्या हसूरकर वकीलबाई. ठेंगण्या, बोलायला फटकळ, आणि काळ्या कोटाच्या खिशात कायम एखादा पेरू. तालुक्याच्या कौलारू कोर्टात मग तारखांमागून तारखा पडू लागल्या. लोकांना तारीख म्हणजे शिक्षा वाटायची. वैजयंताबाई आदल्या दिवशी शिकेकाईनं न्हायच्या. इस्त्रीची साडी काढून ठेवायच्या. सकाळी एसटीत खिडकीची जागा मिळाली नाही तर कंडक्टरशी भांडायच्या.

कोर्टाच्या व्हरांड्यात एक लांब बाक होता. एका टोकाला त्या बसायच्या, दुसऱ्या टोकाला दादा, आणि मध्ये हसूरकरबाई. बहीणभाऊ एकमेकांशी बोलायचे नाहीत. बोलायचं ते सगळं वकीलबाईंशी.

"बाई, तुमच्या अशिलाला म्हणावं, चपलाचं तळ गेल्यात. घाटात घसरंल कवातरी," दादा समोरच्या भिंतीकडं बघत म्हणायचा.

"बाई, प्रतिवादीला सांगा, बिडी सोड म्हणावं. खोकला हितवर ऐकू येतोय," वैजयंताबाई दुसऱ्या भिंतीला सांगायच्या.

हसूरकरबाई पेरू खात दोन्हीकडं मान डोलवायच्या. काजूच्या दिवसांत दादा टॉवेलात ओले गर बांधून आणायचा, बाकाच्या मधोमध ठेवायचा आणि म्हणायचा, "कुणाचं तरी ऱ्हायलंय बगा हितं." वैजयंताबाई ते मोठ्या उपकाराच्या थाटात उचलायच्या. दुपारी कॅन्टीनमध्ये चहा प्यायला दोघं वेगवेगळ्या टेबलांवर बसत, पण बाई आपल्या डब्यातल्या खोबऱ्याच्या वड्या कॅन्टीनवाल्याकडं देत आणि "त्या तिकडच्या पांढऱ्या टोपीवाल्याला द्या" असं बजावत. कॅन्टीनवाला गालात हसायचा.

मग पट्टेवाल्याचा पुकारा व्हायचा. "वैजयंता पोवार, परशराम नाईक हाऽजीर!" बाईंच्या लग्नपत्रिकेनंतर बहीणभावांची नावं एका दमात घेणारा तोच एक माणूस. साहेब विचारायचे, "तडजोडीची काही शक्यता?" आणि दोघं एका सुरात म्हणायचे, "न्हाई!" हसूरकरबाई बाहेर आल्यावर विचारायच्या, "मग पुढची कधीची मागू?" वैजयंताबाई पदर सारखा करत सांगायच्या, "सुगी झाल्यावरची घ्या. तवा त्याला सवड असती." काय म्हणावं अशा वादीला! हसूरकरबाईंना सगळं कळत होतं. त्यांनी तो दावा इतक्या मायेनं लांबवला, की एखादी आई पोराचं आजारपणही तेवढ्या मायेनं काढणार नाही.

त्या दिवसांची आठवण आली की वैजयंताबाईंना आता भरून यायचं. तेव्हा रागच होता, खरा राग होता. पण रागातसुद्धा भाऊ हाताच्या अंतरावर बसलेला होता. त्याच्या सदऱ्याचा काजूच्या धुराचा वास यायचा. वहिनी गेली त्या वर्षी तो तारखेला आला तेव्हा सदऱ्याचं बटण तुटलेलं होतं. बाईंनी वकीलबाईंच्या हाती सुईदोरा दिला होता, आणि हसूरकरबाईंनी एवढा वकिलीचा कोट अंगावर असताना कोर्टाच्या व्हरांड्यात प्रतिवादीचं बटण लावून दिलं होतं.

पुढं काळ पालटला. हसूरकरबाई निवृत्त होऊन मुलाकडं नाशिकला गेल्या. सुनावण्या फोनवर आल्या. दादाला फोन धरता येईना, त्यामुळं वैजयंताबाईंना प्रत्येक तारखेला भावाचं नुसतं कपाळ आणि वर फिरणारा पंखा दिसायचा. तेही त्या डोळे भरून बघायच्या. कपाळावर आठी आहे की नाही, एवढ्यावरून त्याची तब्येत ताडायच्या. आणि आता हेही संपणार होतं, कारण आता पेटी आली होती.

ही पेटी म्हणजे काय, ते सांगायला हवं. निम्मी भांडणं एकाच गोष्टीवर अडून बसतात, ती म्हणजे आधी कोण बोलणार. जो आधी म्हणेल "बरं, एवढ्यावर मिटवू," तो खाली गेला असं आपण धरतो. दोघांच्याही मनात तीच तडजोड असते आणि दोघंही ती गिळून बसतात. पेटीनं नेमकी ही अडचण काढली. मोफत कायदेशीर मदतीची एक बोलणारी सेवा सगळ्यांच्या फोनवर होती, तिचं नाव न्यायसखी. तुम्ही तिला आपली खरी, शेवटची अट सांगायची. ती त्या बोलण्याचा अर्थ आकड्यांत उतरवते आणि आकडे तुमच्याच फोनमध्ये कुलूपबंद करते. किल्ली तुमच्या फोनबाहेर जात नाही. पूर्वी कुलपातल्या आकड्यांवर गणित करायचं तर आधी कुलूप काढावं लागे. नव्या गणितानं ते बंदच ठेवून हिशेब करता येऊ लागला. न उसवलेली दोन पोती शेजारी ठेवावीत आणि दोन्हींत एकच धान्य आहे का, एवढंच कळावं, तसं. कोणतं धान्य, ते पेटीला कळत नाही, न्यायाधीशाला नाही, सरकारलाही नाही. जुळलं तर दोघांनाही कळतं. नाही जुळलं तर तुमच्या पोटातलं तुमच्याच पोटात.

जमिनीच्या अटींखेरीज प्रत्येकाला एक खासगी अट घालायची मुभा होती. सरकारी भाषेत तिला "वैयक्तिक अट" म्हणत. लोक म्हणत, मनातली अट. तिच्यामुळं कितीतरी मोडलेली घरं पुन्हा उभी राहिली, हे खोटं नाही. पण एक गोष्ट गणित करणाऱ्यांच्या ध्यानात आली नव्हती. नाही जुळलं, हेही कळतंच की! वैजयंताबाईंच्या गल्लीतला राणबा सुतार बायको परत यावी म्हणून अशी अट घालून बसला. जुळली नाही. तोवर तो रोज संध्याकाळी स्टँडवर जाऊन शेवटची गाडी बघून यायचा. त्यानंतर गेला नाही. वाट बघायची तरी सोय होती बिचाऱ्याची, तीही गेली.

दोन दिवस टाळाटाळ करून झाल्यावर दुपारी घरात कुणी नाही असं बघून वैजयंताबाईंनी फोन पुढ्यात घेतला.

"नमस्कार वैजयंताताई," न्यायसखी म्हणाली. आवाज शांत होता, बोलणं घरच्यासारखं. "आधी जमिनीचं बघूया. कायद्यानं तुमचा निम्मा हिस्सा होतो. त्याहून कमी घ्यायला तयार आहात का?"

"कायद्यानं ईल ते येऊ दे. त्यासाठी न्हाई मी बसले."

"मग कशासाठी बसलात?"

एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. हसूरकरबाईंनी ओळखलं होतं, पण विचारलं नव्हतं.

"दावा चालूच ठेवला तर?" वैजयंताबाईंनी हळूच विचारलं.

"जुने दावे आता ठेवता येत नाहीत, ताई. पेटीत नाही जुळलं तर कायद्यानं वाटणी होऊन मिटेल. पण मला एक सांगा. दावा मिटला तर तुमचं काय जाईल?"

"तारीख जाईल."

"तारखेला काय असतं?"

"दादा असतो." एवढं म्हणाल्या. मग मात्र त्या बोलतच सुटल्या. "आता तो थकला असंल गं. मला त्याचं कपाळ तेवढं दिसतं. त्याला कोण करून घालतंय, काय खातोय, मला काय कळत न्हाई. माझा एकच भाऊ. मी काय त्याची जमीन खायला बसले व्हय? पर त्यानं कवा हाक मारली न्हाई, मीबी मारली न्हाई. तारीख पडायची म्हणून बरं चाललं हुतं."

न्यायसखी थोडी थांबली. तिला तसं थांबायला शिकवलेलं होतं, की तीच थांबली, देव जाणे. मग ती म्हणाली, "ही तुमची मनातली अट होऊ शकते. भावाची भेट. पण कोणी, कुठं आणि केव्हा, हे तिन्ही नेमकं सांगावं लागेल. सुरुवातीला पेटी एवढी काटेकोर नव्हती. एका सासूसुनेनं 'एकत्र राहू' म्हटलं, पेटीनं जुळवून टाकलं, आणि मग कळलं, एकीच्या मनात पुणं होतं आणि दुसरीच्या मनात गाव. दुप्पट भांडण झालं. तेव्हापासून तिन्ही गोष्टी तंतोतंत जुळाव्या लागतात. तर कुठं भेटायचं?"

वैजयंताबाईंच्या ओठांवर आलं होतं, हारूरला. परड्यातल्या फणसाखाली. चुलीपुढं, जिथं दोघं एकाच ताटात जेवायची आणि दादा दुधावरची साय धाकट्या बहिणीकडं सरकवायचा. पण शब्द बाहेर पडेना. माहेराला बोलावणं यावं लागतं. दारात उभं राहून "मला बोलवा हो" म्हणायचं, तर ते माहेर कसलं? आणि त्याच्या मनात नसलं तर? बाईंनी मान ताठ केली.

"कोर्टात," त्या म्हणाल्या. "कॅन्टीनपाशी. वर्षातनं एकदा, दिवाळीच्या आधी."

"नक्की कोर्टातच, ताई? घरी नको?"

"एकदा सांगितलं न्हवं? कोर्टात."

"बरं. एक सांगणं माझं कामच आहे. जुळली नाही, तर तुम्ही काय मागितलं ते त्यांना कळणार नाही. पण त्यांनी हे मागितलं नव्हतं, एवढं तुम्हाला कळेल. ते नको असेल तर अट घालू नका. घालू का?"

बाई उठल्या. दुधाला आलेली उकळी बघून आल्या. अंगणातले वाळत घातलेले कपडे काढले, घड्या केल्या. राणबा सुताराचा चेहरा काही डोळ्यांपुढून हटेना. अट घातली नाही तर दादाला आपली आठवण येत असेल असं मरेपर्यंत धरून चालता येईल. घातली आणि फसली, तर तेवढंही राहणार नाही. पण नुसतं धरून चालायला दिवस तरी किती उरले होते? त्या पुन्हा येऊन बसल्या.

"घाल," त्या म्हणाल्या, आणि फोन पालथा ठेवून देवापुढं जाऊन बसल्या.

पुढचे दिवस घरच्यांनी कसे काढले ते घरच्यांनाच ठाऊक. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून बाई स्वतःवरच चिडल्या. ईश्वरीनं "आई, बरं वाटत नाही का?" विचारलं, तर "मला काय धाड भरलीय?" म्हणाल्या आणि तासाभरानं तिच्या केसांना तेल लावून द्यायला बसल्या.

निकाल आला तो सकाळी, चहा चालू असताना. ईश्वरीनंच वाचला. "जमीन: जुळली. निम्मी निम्मी. दावा निकाली." ती टाळी वाजवणार होती, तेवढ्यात खाली अजून एक ओळ दिसली. "वैयक्तिक अट: जुळली नाही. आई, हे कसलं?"

वैजयंताबाईंनी कप खाली ठेवला. "काय न्हाई. पेढं आणा," म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. पदर तोंडाला लावून नव्हे, चांगल्या मोठ्यानं, बाप गेला तेव्हा रडल्या होत्या तशा. ईश्वरी घाबरून त्यांना धरून बसली. हुंदके देत देत त्यांनी तिला सगळं सांगितलं. कोर्ट, बाक, कपाळ, मनातली अट, सगळं. "मग आई, तुम्ही एक फोन करायचा की हो," ईश्वरी म्हणाली.

"कुठल्या तोंडानं करू? आता तर यंत्रानंच सांगितलं, त्याला नको हाय म्हणून."

हे बोलणं पुरं होतंय तोच फोन वाजला. नाव नव्हतं, नुसता नंबर. ईश्वरीनं उचलून स्पीकर लावला, आणि पलीकडून जो आवाज फुटला, त्यानं दारातलं मांजर उठून पळालं.

"काय म्हणून नको म्हणालीस गं?"

वैजयंताबाईंचं रडणं जागच्या जागी थांबलं. एवढ्या वर्षांत हा आवाज त्यांच्याशी थेट बोलला नव्हता. सवयीनं त्यांनी वकीलबाई दिसतात का म्हणून इकडंतिकडं पाहिलंसुद्धा.

"कोण बोलतंय?" त्या म्हणाल्या. आवाज ओळखून म्हणाल्या, बरं का.

"कोण म्हंजे? भाऊ हाय का आनी धा-बारा तुला? म्या म्हाताऱ्यानं सगळी लाज सोडून त्या फोनातल्या बाईला सांगितलं, भाऊबीजेला माझी भैन घरी येऊ दे. दुसरं काय नको म्हणलं. आन् तू नको म्हणालीस! जुळली न्हाई म्हणून लिवून आलंय हितं!"

"मी कवा नको म्हणाले?" बाईंचाही आवाज चढला. "मीच भेट मागितली हुती! माझीबी न्हाई जुळली!"

"खोटं बोलू नको, वैजू."

"आईशप्पत दादा!"

पलीकडं खोकल्याची एक ढास आली आणि थांबली. "मग तू मागितलंस काय?"

"कोर्टात भेट मागितली. कॅन्टीनपाशी. दिवाळीच्या आधी."

"कोर्टात?" परशराम नाईक ओरडला. "अगं, कोर्टात कशाला? भैनीला कोण कोर्टात भेटतं व्हय?"

"आपण भेटत हुतो की!"

बाईंनी ईश्वरीच्या हातातून फोन आपल्याकडं घेतला. मग वैजयंताबाई अगदी लहान आवाजात म्हणाल्या, "माहेर मागून घेत्यात व्हय रं, दादा?"

"मी भैन मागून घेतली की," तो म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता आणि तो लपवायचं त्याला भान नव्हतं. "एका यंत्रापुढं बसून मागितली. तुला मागाय काय झालं हुतं?"

ईश्वरी उठून आत गेली. अशा वेळी तिथं बसणं बरं नव्हे, एवढं तिला कळत होतं. आतून तिला ऐकू येत होतं, दोघं म्हातारी भांडत होती. आधी कुणी हाक मारायला हवी होती, पहिल्यांदा कोण उठलं होतं, कोण कुणाला काय म्हणालं होतं. मधला वकील गेल्यामुळं वर्षानुवर्षांचं सगळं थेट एकमेकांच्या अंगावर पडत होतं, आणि दोघंही मध्येच रडत होती, मध्येच हसत होती. वैजयंताबाई "गप रं" म्हणाल्या की तिकडून "तूच गप" यायचं.

शेवटी दोघं दमली.

"मग येतीस न्हवं भाऊबीजेला?" दादानं विचारलं. "का पुन्ना त्या पेटीत घालू?"

"न्हाई येत."

"आं?"

"भाऊबीजंला अजून लई दिस हाईत, दादा," वैजयंताबाई म्हणाल्या. डोळे पुसून त्या उठल्या होत्या आणि एका हातानं कपाटातली साडी ओढत होत्या. "दावा संपला न्हवं आपला? मग मला आता तारखेची वाट कशाला बघायची? दुपारच्या गाडीनं येते."